सांगलीतला पियानोचा क्लास: एका बापाचा अभिप्राय

सांगलीत राहून मुलांना पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो नीट शिकता येतो का, असं हल्ली मला बरेच पालक विचारतात. येतो. विश्रामबागेत एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासला माझी लेक पाचवीत असल्यापासून जाते. आता ती अकरावीला आहे. शिकवणाऱ्या मॅडमना जाहिरात नको असते, म्हणून नाव लिहीत नाही. सांगली-मिरजेतल्या संगीत शिक्षकांकडे चौकशी केलीत तर पत्ता मिळेल.

मी कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो. लेथ, मिलिंग, बाहेरचं जॉबवर्क. घरात गाण्याची आवड आली ती वडिलांमुळे. मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या रात्री ते चुकवत नसत आणि मलाही सोबत नेत. तेव्हा हा अभिप्राय यंत्र ओळखणाऱ्या आणि गाणं ऐकणाऱ्या माणसाचा आहे, असं धरून वाचावा.

आधी वाद्याबद्दल. क्लासमध्ये एक उभा, म्हणजे अपराइट पियानो आहे आणि दोन डिजिटल. प्रवेश घेताना मॅडमनी अपराइटचं पुढचं फळकूट काढून आम्हा पालकांना आतलं काम दाखवलं आणि मी तिथंच ठरवलं की पोरगी इथंच शिकणार. ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, अशा ८८ पट्ट्या. तारा मात्र दोनशेच्या वर, कारण मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात. त्या सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो आणि तो झेलायला आत बिडाची फ्रेम बसवलेली असते. पट्टी दाबली की हातोडी तारेकडे फेकली जाते, पण तार दोन-तीन मिलिमीटरवर आली की हातोडी पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर आपल्याच वेगानं कापते. सुटली नाही तर तारेवरच दाबून बसेल आणि सूर गुदमरेल. म्हणजे वाजवणाऱ्याच्या ताब्यात असतो तो सुटताक्षणीचा वेग. त्यानंतर बोटानं कितीही जोर लावला तरी त्या सुरात काडीचा फरक पडत नाही. तो फक्त विरत जातो.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय, कारण क्लासची सगळी सुरुवात यावरच उभी आहे. लेक आधी पेटी शिकायची. पेटीत डावा हात भात्यावर असतो आणि भाता चालू आहे तोवर सूर धरून ठेवता येतो. पियानोत तशी सोय नाही. म्हणून मॅडम सुरुवातीला पोरांकडून एकच पट्टी दाबून घेतात आणि तो सूर विरताना ऐकायला लावतात. मग पुढचा सूर, पण तो आधीचा जेवढा उरलाय त्याला जुळेल एवढ्याच आवाजात. पोरं कंटाळतात. पालक तर फारच कंटाळतात. शेजारच्या क्लासमधला मुलगा एव्हाना वाढदिवसाचं गाणं वाजवायला लागलेला असतो. काही जण सोडूनही गेले. जे टिकले त्यांचा हात आज ऐकला की कळतं, सूर एकमेकांना धरून येतात, पट्ट्या बडवल्यासारखं वाटत नाही.

वाद्याची निगा उत्तम आहे. सांगलीच्या हवेत हे सोपं नाही. पावसाळ्यात आतली लाकडी ध्वनिफळी ओलावा घेऊन फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तोच उतरतो. म्हणून मॅडम भर पावसात सूर लावून घेत नाहीत, दिवाळीच्या सुमाराला हवा स्थिरावली की लावतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा एकदा. ट्यूनर येतो पुण्याहून. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पिढ्यान् पिढ्या तारेचा सूर ओळखणारी घराणी तिथं आहेत, आणि तरी पियानोच्या कामाला माणूस बाहेरून बोलवावा लागतो याची मला रुखरुख आहे. त्या घरांतला एखादा तरुण हे काम शिकला तर इथून कोल्हापूर-साताऱ्यापर्यंत त्याला काम मिळेल असं मला वाटतं.

एक मोठी उणीव मात्र आहे. क्लासमध्ये ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो नाही. ग्रँडमध्ये हातोडी खालून वर मारते आणि स्वतःच्या वजनानं परत येते. शिवाय १८२१ साली पॅरिसच्या एरार या पियानो बनवणाऱ्यानं काढलेल्या दुहेरी सुटकेच्या रचनेमुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर पुन्हा वाजवता येतो. अपराइटमध्ये हातोडी आडवी जाते, तिला परत आणायला स्प्रिंग आणि फीत लागते, आणि पट्टी बरीच वर आल्याशिवाय सूर पुन्हा नीट उमटत नाही. परीक्षेच्या खालच्या ग्रेडना याचं काही अडत नाही. सातव्या-आठव्या ग्रेडच्या पुढे जाणाऱ्यांना अडतं. मोठ्या कार्यक्रमाआधी अशा मुलांना पुण्याला नेऊन तासाच्या हिशेबानं ग्रँड मिळवून देतात, पण तो खर्च आणि प्रवास पालकांच्या अंगावर. मॅडमना यात दोष नाही; एवढं वाद्य घ्यायचं तर त्याला जागा आणि पैसा दोन्ही लागतात. पण मुलाला मैफलीचा वादक करायचं ठरवून येणार असाल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

शिकवण्याचा क्रम जुन्या वळणाचा आहे आणि मला तो पटतो. बोटांची तयारी चेर्नी या संगीतकाराच्या सरावाच्या रचनांवर, पण त्यात अडकून ठेवत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या ग्रेडपासून जर्मन संगीतकार बाख सुरू. बाखची दोन आवाजांची पंधरा इन्व्हेन्शन, म्हणजे छोट्या रचना आहेत. १७२३ च्या हस्तलिखितावर त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की शिकणाऱ्यांना दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि त्यांच्या हाताला गाण्याची ढब यावी म्हणून हे लिहिलं. डाव्या हाताला इथं साथ करायची नसते, त्याचं स्वतःचं गाणं असतं. लेकीला पहिलं इन्व्हेन्शन बसवायला खूप वेळ लागला, कारण पेटीच्या सवयीमुळे तिचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे. मॅडमनी तिला डावा हात वाजवत उजव्याची ओळ तोंडानं म्हणायला लावली, मग उलट. घरी ते ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांना पाठ झालं. ही रीत मी पुढे इतर मुलांच्या घरीही ऐकली. क्लासमधून कोण येतं ते त्यावरूनच ओळखता येतं.

थिअरी, म्हणजे नोटेशन आणि संगीताचं व्याकरण शिकवणं मात्र घाईचं वाटतं. परीक्षा लंडनच्या एबीआरएसएम मंडळाच्या. आपल्याकडे गांधर्वच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्या असतात, तशा तिथं पहिलीपासून आठवीपर्यंत ग्रेड आणि पुढे डिप्लोमा. सहावी किंवा त्यापुढच्या ग्रेडला बसायचं तर साधारणपणे आधी पाचवीची थिअरी पास व्हावी लागते आणि तो सगळा पेपर इंग्रजीत. मराठी माध्यमाची मुलं इथं अडखळतात. त्यांची समज कमी नसते, प्रश्नाची भाषा आड येते. मॅडम तोंडी मराठीत सुंदर समजावतात. तेच मराठीत टिपण करून हातात दिलं तर कितीतरी मुलांचं वर्ष वाचेल. मी हे त्यांना सांगितलं आहे, त्यांनाही पटलं आहे, टिपणं अजून निघालेली नाहीत.

मंचाची तयारी हा या क्लासचा खरा जोर. दर महिन्याला एका रविवारी बैठक असते. मुलं एकमेकांसमोर आणि पालकांसमोर वाजवतात, तेही सरळ जाऊन वाजवायला बसत नाहीत. आत कसं यायचं, नमस्कार कसा करायचा, बाक आपल्या उंचीला कसा लावून घ्यायचा, हात मांडीवर ठेवून पहिल्या चार मात्रा मनात कशा मोजायच्या, हे सगळं बसवून घेतलं जातं. बाक लावायला शिकवणं मला आधी अनावश्यक वाटायचं. मग पाहिलं की परक्या हॉलमध्ये हीच दोन मिनिटं मुलाचा श्वास ठिकाणावर आणतात. पाठ वाजवताना विसरायला झालं तर काय, याचीही तयारी असते. प्रत्येक रचनेत ठरावीक जागा आखून घेतात आणि त्यातल्या कुठूनही एकदम सुरू करायला लावतात. मॅडम मध्येच टाळी वाजवतात, मुलानं तिथंच सोडून पुढच्या जागेवर उडी घ्यायची. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. लहानांना नोटेशन समोर ठेवायची मुभा आहे, त्यात कमीपणा मानत नाहीत.

याचा परीक्षेतही उपयोग होतो. २०२० पासून या मंडळाची एक वेगळी परीक्षा आहे, परफॉर्मन्स ग्रेड. चार रचना सलग वाजवून एकच व्हिडिओ पाठवायचा, मध्ये तोडजोड करायची नाही. प्रत्येक रचनेला ३० गुण आणि आणखी ३० गुण सबंध सादरीकरणाला. एकूण १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. त्या शेवटच्या तीस गुणांत रचनांचा क्रम, दोन रचनांमधलं थांबणं, एका मनःस्थितीतून दुसऱ्या मनःस्थितीत जाणं हे सगळं येतं. बैठकीत तयार झालेल्या मुलांना यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आणि तरी मी हा अभिप्राय लिहायला बसलो तो परीक्षेसाठी नाही. या क्लासमध्ये तिसऱ्या ग्रेडच्या पुढच्या प्रत्येक मुलाला बाहेर जाऊन वाजवावं लागतं: वृद्धाश्रमात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, तासगाव-जतकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये. फुकट. मॅडम याला समाजसेवा म्हणत नाहीत, अभ्यासक्रम म्हणतात, आणि त्याची तयारी मंचाइतकीच कसून घेतात.

आधी जागा बघून यायची. प्लग कुठं आहे, ऊन कुठून येतं, पंखा बंद केला तर चालेल का. लाइट जाणार हे धरून बॅटरीची सोय न्यायची, कारण सोबत डिजिटल पियानो असतो. कुणापुढे काय वाजवायचं याचा विचार तर फार बारीक आहे. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे सूर ऐकू येईनासे होतात, म्हणून वृद्धाश्रमात ज्या रचनांची चाल मधल्या सप्तकात आहे त्याच निवडायच्या. दवाखान्यात दोन-तीन मिनिटांच्या वर एकही रचना नाही, अचानक मोठा आवाज नाही, सिस्टरनी हात केला की तिथंच थांबायचं. फोटो काढायचे नाहीत. हा शेवटचा नियम पालकांसाठी आहे आणि मॅडम तो कडक पाळायला लावतात.

वाजवण्याआधी प्रत्येक मुलानं तीन वाक्यं बोलायची, मराठीत. रचना कुणाची, काय ऐकायचं, बस. "महान संगीतकार" वगैरे शब्द चालत नाहीत. लेक एका वृद्धाश्रमात ते पहिलं इन्व्हेन्शन वाजवणार होती. ती म्हणाली, "यात उजवा हात एक ओळ म्हणतो आणि डावा तीच ओळ मागून म्हणतो. दोघं कुठं भेटतात ते ऐका." वाजवून झालं. पुढच्या खुर्चीवरच्या एक आजी म्हणाल्या, "भारुडात म्होरक्या म्हणतो आन् मागचे झेलत्यात, तसंच की गं हे." मग त्यांनी विचारलं, "बाळ, मागच्यांचं तेवढं एकलं वाजवून दावशील?" लेकीनं नुसता डावा हात वाजवला. मग नुसता उजवा. मग दोन्ही, पण या वेळी डावा थोडा पुढे आणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो आणि मला पहिल्यांदाच डाव्या हाताचं गाणं गाणं म्हणून ऐकू आलं. इतकी वर्षं घरात वाजत होतं ते.

त्या दिवसानंतर तिचं वाजवणं बदललं. परीक्षकासाठी वाजवताना चुकायचं नाही एवढंच तिच्या डोक्यात असायचं. आता ती कुणाला काय ऐकू जातंय याचा विचार करते, आणि गंमत म्हणजे चुकाही कमी झाल्या. पालकसभेत मॅडम म्हणाल्या होत्या की मैफलीचा वादक आणि वॉर्डात वाजवणारा वादक असे दोन वेगळे घडवायचे नसतात. तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं, आता पटलं.

त्याच सभेत त्यांनी येहुदी मेन्युहिनबद्दल सांगितलं. १९५२ साली नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेलेला हा व्हायोलिनवादक. त्यानं १९७७ साली इंग्लंडमध्ये 'लाइव्ह म्युझिक नाऊ' ही संस्था उभी केली. तिच्यात धंद्याच्या उंबरठ्यावरच्या तरुण वादकांना निवडून, तयार करून दवाखाने, वृद्धाश्रम आणि विशेष मुलांच्या शाळांमध्ये वाजवायला पाठवतात. मायरा हेसबद्दलही सांगितलं. दुसरं महायुद्ध सुरू होऊन लंडनचे संगीताचे हॉल बंद पडले. नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवलेली, भिंती रिकाम्या. तिथं या पियानोवादक बाईनं ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक शिलिंग तिकिटाच्या मैफली सुरू केल्या आणि १९४६ पर्यंत चालवल्या, सोळाशेच्या वर. हे ऐकताना मला आमचा दर्गाच आठवत होता. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात नामवंत गायक-वादक तिथं हजेरी लावतात ती सेवा म्हणून, आणि समोर जमिनीवर भाजीवालाही बसलेला असतो. आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. पियानोच्या क्लासनं ती उचलली याचं मला अप्रूप आहे.

शाळांमधले कार्यक्रम मला सगळ्यात आवडतात. हंगेरीच्या बार्टोक या संगीतकारानं शिकणाऱ्यांसाठी क्रमाक्रमानं अवघड होत जाणाऱ्या १५३ छोट्या रचना लिहिल्या. त्यातल्या विषम मात्रांच्या नाचऱ्या रचना जतकडच्या पोरांना लगेच लागू पडतात. टाळ्या कुठं द्यायच्या हे त्यांना सांगावं लागत नाही. अडचण एकच, डिजिटल पियानोत तारा नसतात आणि पोरं विचारतात, "आवाज कुठनं येतोय?" म्हणून मॅडमनी भंगारात निघालेल्या एका पियानोतून एका पट्टीचं आख्खं काम मिळवलं, हातोडीसकट. त्याला एक तार ताणून बसवायचा लोखंडी स्टँड मी वर्कशॉपमध्ये करून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. क्लासशी माझा एवढा संबंध आहे, तो माहीत असूनच हा अभिप्राय वाचावा. कार्यक्रम संपला की त्या स्टँडभोवती रांग लागते. प्रत्येक पोरगं पट्टी दाबतं, हातोडी सुटताना बघतं आणि दुसऱ्याला दाखवतं.

तक्रारी आणखी दोन आहेत. बाहेरचे कार्यक्रम फार ऐनवेळी कळतात. शुक्रवारी रात्री निरोप येतो की रविवारी सकाळी कवठेमहांकाळला जायचंय. वर्कशॉप असलेल्या माणसाला आणि नोकरी करणाऱ्या आईला हे जड जातं. दुसरी तक्रार वेळेची. दहावी-बारावीच्या मुलांना सरावासाठी अपराइट मिळतो तो सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा, कारण एकच आहे. फी तबल्याच्या किंवा गाण्याच्या क्लासपेक्षा बरीच जास्त आहे आणि परीक्षेची फी वेगळी. तरी जी मुलं बाहेर नेमानं वाजवतात त्यांना फीत सवलत आहे आणि माझ्या माहितीत पैशावाचून कुणाचं शिकणं थांबवलेलं नाही.

पुढे काय, हेही सगळे विचारतात. मॅडम या बाबतीत कुणाला भुलवत नाहीत. नुसत्या मैफलींवर पोट भरणारे पियानोवादक आपल्या देशात मोजके. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण ऑर्केस्ट्रात पियानोला जागा मुळातच थोडी. बाकी चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ साली काढलेलं केएम कॉन्झर्व्हेटरी, परदेशातली शिष्यवृत्ती, डिप्लोमा करून शाळांमध्ये शिकवणं, गायकांना साथ, स्टुडिओतलं काम. लेकीला शिकवायचं आहे, आणि दवाखान्यात वाजवणंही सोडायचं नाही असं ती म्हणते. मी तिला थांबवणार नाही.

प्रवेश जूनमध्ये असतात आणि जागा थोड्या. जाण्याआधी घाईनं ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड घेऊ नका. त्यावर बोटाला वजन मिळत नाही आणि मॅडम तो बदलायलाच लावतात. सुरुवातीला ८८ वजनदार पट्ट्यांचा जुना डिजिटल मिळाला तरी पुरतो. चौकशीला फोन करण्यापेक्षा संध्याकाळी शेवटची बॅच सुटल्यावर जा आणि मुलाला सोबत न्या. मॅडम आधी त्याला एखादं गाणं म्हणायला लावतात, अभंग, बडबडगीत, काहीही. तेवढी तयारी करून ठेवा.